एचबीसीयूत पेटंट-कॉपीराइट शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, काम पडलं म्हणून लिहितोय. मी अमेरिकेत दक्षिणेकडच्या एका एचबीसीयूमधे मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, १९६४ च्या आधी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेली जी कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत त्यांना १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टपासून हे नाव आहे. हॉवर्ड, टस्कीगी, स्पेलमन, फिस्क वगैरे. आज साधारण शंभर आहेत आणि बाकी कुठे प्रवेशच मिळत नसे त्या काळात निघालेली आहेत, त्यामुळे तिथे काहीही शिकवताना इतिहास बाकावर येऊन बसतोच.

तर पुढच्या सेमिस्टरला बौद्धिक संपदेवरचं एक इलेक्टिव्ह माझ्या गळ्यात पडलंय. कारण एवढंच की आधीच्या नोकरीतली एक-दोन पेटंटं माझ्या नावावर आहेत, म्हणजे शोधक म्हणून नाव माझं, मालकी कंपनीची. तयार स्लाइड्स मिळाल्यात. त्यात कृष्णवर्णीय संशोधकांचे फोटो आणि प्रत्येकाखाली एक ओळ, यांनी हा शोध लावला, त्यांनी तो लावला. दर फेब्रुवारीत, म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथला, कॉरिडॉरमधे लागतात तेच. गेल्या वर्षी एका पाहुण्या लेक्चरला हे दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, सर यातले पैसे कोणाला मिळाले? वक्ते हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला ती स्लाइड सोडून तो प्रश्न शिकवायचाय. पण कुठून धरू कळत नाहीये. इथे पेटंट क्षेत्रातले लोक आहेत म्हणून विचारतो.

पेटंटवाली_ताई

मस्त धागा. मी न्यू जर्सीत पेटंट प्रॉसिक्यूशन करते, म्हणजे लोकांचे अर्ज पेटंट ऑफिसकडून मंजूर करून घेते, बरीच वर्षं झाली आता. माझं मत विचारशील तर १८५८ पासून सुरू कर. मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याने, नेड नावाच्या त्याच्या गुलामाने बनवलेल्या दुहेरी स्क्रेपर नावाच्या कापसाच्या शेतातल्या अवजारासाठी पेटंट मागितलं. त्याचा दावा सरळ होता, माणूस माझा तर त्याच्या डोक्यातलंही माझं. पेटंट ऑफिसने नाकारलं, प्रकरण ॲटर्नी जनरलकडे गेलं आणि जेरेमाया ब्लॅकने मत दिलं की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळूच शकत नाही. नेडला नाही कारण तो नागरिक नाही, शपथच घेऊ शकत नाही (आदल्याच वर्षी ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाने कृष्णवर्णीय नागरिक नाहीत असा निकाल दिला होता), आणि स्टुअर्टला नाही कारण शोध त्याने लावलेला नाही. त्यातला कहर म्हणजे स्टुअर्टने नंतर तो स्क्रेपर तसाच विकायला काढला, वर जाहिरातीत हे नीग्रो गुलामाने शोधलेलं आहे, तेव्हा गुलामगिरीने बुद्धी खुंटते हा प्रचार खोटा, असंही लिहिलं!!

१८६१ मधे दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांनी स्वतःचा पेटंट कायदा केला त्यात काय घातलं, तर गुलामाच्या शोधाचं पेटंट मालकाला मिळेल. म्हणजे ही अडचण त्यांना किती टोचत होती बघ.

एका केसमधे सगळं येतं. शोधक कोण, मालक कोण, अर्ज कोण करू शकतो, शपथ कशासाठी. शोधक आणि मालक वेगवेगळे असू शकतात हे नवीन ज्युनिअर्सना समजवायला मला आठवडा लागतो, तुझ्या मुलांना अर्ध्या तासात कळेल.

खवचट_खान्देशी

म्हणजे कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. नवीन काय त्यात 😏

पण जरा उलटं बोलू का? ज्या कॉलेजांना लॅबला पैसे नाहीत तिथे पेटंट शिकवून काय होणारे? २०२३ मधे अमेरिकेच्याच शिक्षणमंत्री आणि शेतीमंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली होती की तुमच्या राज्यातल्या कृष्णवर्णीय लँड-ग्रँट (सरकारी मदतीवर शेती-इंजिनिअरिंग शिकवायला काढलेल्या) विद्यापीठाला तुम्ही ३० वर्षांत हक्काचे पैसे दिलेले नाहीत, एकूण तूट १२ अब्ज डॉलरच्या वर. आधी ते द्या म्हणावं, मग शिकवा रॉयल्टी. पेटंट हा मोठ्या कंपन्यांचा आणि मोठ्या विद्यापीठांचा खेळ आहे, गरिबाच्या पोराला त्याचं स्वप्न दाखवणं म्हणजे लॉटरीचं दुकान काढणं.

नदीकाठचा

@खवचट, पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे टेक ट्रान्सफर ऑफिस (विद्यापीठातल्या शोधांचे हक्क सांभाळणारं) म्हणजे एक बाई, आणि त्या इतर दोन कामं पण बघतात. १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी ग्रँटवर लागलेल्या शोधाचे हक्क विद्यापीठाला ठेवता येतात, पण ठेवायला अर्ज करावा लागतो, त्याला वकील लागतो, वकिलाला पैसे. संशोधनाच्या वरच्या श्रेणीत म्हणजे आर-वनमधे आख्ख्या एचबीसीयूंपैकी हॉवर्ड एकटं, तेही २०२५ च्या यादीत पुन्हा आलं.

पण लॉटरीचं पटलं नाही. माझी मुलं आत्ताच, विशीत, कागदांवर सह्या करतायत. इंटर्नशिपच्या, को-ऑपच्या (शिकतानाच करायच्या नोकरीच्या), पहिल्या नोकरीच्या. सगळ्यात एक परिच्छेद असतो की तुम्ही जे काही बनवाल ते आमचं. कोणी वाचत नाही. स्वप्न दाखवायचं राहू दे, तो परिच्छेद तरी वाचता यावा.

ट्रायँगलकर

+१. आणि हे एचबीसीयूच्या मुलांनाच जास्त लागू आहे असं मला वाटतं. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी आमच्यापासून तासाभरावर, ग्रीन्सबरोला. एचबीसीयूंमधली विद्यार्थिसंख्येने सगळ्यात मोठी. तिथून निघालेले कितीतरी इंजिनिअर आमच्या कंपनीत येतात, एकदम तयारीचे. पण घरात कोणी इंजिनिअर-वकील नसलेला मुलगा पहिल्या दिवशी एचआरने पुढे केलेल्या कागदावर प्रश्न विचारत नाही. मी पण नव्हता विचारला, आपल्यातल्या कोणी विचारला असेल तर हात वर करा.

पेटंटवाली_ताई

मग दुसरी केस स्टॅनफर्ड विरुद्ध रोश, २०११, सुप्रीम कोर्ट. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने विद्यापीठाच्या कागदावर सही केली होती की हक्क देण्याचं मी कबूल करतो. मग तो पीसीआर शिकायला एका कंपनीत गेला, तिथे अभ्यागत म्हणून सही केली की हक्क या कागदाने देत आहे. पहिलं पुढे कधीतरी द्यायचं वचन, दुसरं देऊन मोकळं. एचआयव्हीच्या चाचणीचं पेटंट, आणि कंपनीचा हक्क विकत घेतलेल्या रोशला स्टॅनफर्ड रोखू शकलं नाही. कोर्ट म्हणालं बाय-डोलमुळे हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, मूळ मालक शोधकच, त्याने कोणाला काय लिहून दिलंय ते बघा. स्टॅनफर्डसारख्यांची ही गत, तर तुमच्या त्या एकट्या बाईंनी काय काय बघायचं. मुलांना दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला लाव, कायद्याचं पुस्तक नंतर.

पुणेरी_एजंट

मी पुण्यात पेटंट एजंट आहे. एक धोक्याची सूचना देतो. कोर्समधे 'प्रत्येक ग्रुपने एक पेटंट फाइल करायचं' असलं काही चुकूनही घालू नका. इकडे काय चाललंय माहितीये का, नॅक आणि रँकिंगच्या मार्कांसाठी प्राध्यापक लोक अर्ज टाकतात, फॉर्म ९ भरून लवकर पब्लिश करून घेतात, 'पेटंट पब्लिश्ड' म्हणून फ्लेक्स लागतो, पेढे वाटतात, आणि तपासणीसाठी जो फॉर्म १८ भरायचा असतो तो भरतच नाहीत कारण पुढे न्यायचंच नसतं. पब्लिश म्हणजे मंजूर नव्हे हे एका प्राचार्यांना (कॉलेजचं नाव नको) समजवताना माझा घसा बसलाय. एका अर्जावर शोधक म्हणून अकरा नावं होती, त्यातल्या निम्म्यांना विषयही सांगता येत नव्हता. विद्यार्थ्याचं नाव अर्थातच शेवटी किंवा नाहीच. शिकवायचं तर हे पण शिकवा की शोधक म्हणून खोटं नाव घालणं किंवा खरं गाळणं यानेसुद्धा पेटंट उडू शकतं, अमेरिकेत तर नक्कीच.

लायब्ररीतली_घूस

फोटोंच्या स्लाइड्स अगदी टाकून देऊ नका हो. ती यादी कशी आली हाच एक तास होऊ शकतो. हेन्री बेकर नावाचा माणूस, स्वतः कृष्णवर्णीय, हॉवर्डमधे कायदा शिकलेला आणि पेटंट ऑफिसात असिस्टंट एक्झामिनर. अर्जावर वंश लिहिलेला नसतो, त्यामुळे कोणतं पेटंट कृष्णवर्णीयाचं हे रेकॉर्डवरून कळायला मार्गच नाही. या माणसाने देशभरच्या पेटंट वकिलांना पत्रं टाकून विचारलं, तुमचा कोणी असा अशील होता का? उत्तरं जमवून यादी केली, ती १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. आज जे फोटो फिरतात त्यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी बेकरची टपाल-मेहनत आहे.

गंमत पुढे आहे. २०१८ मधे काँग्रेसने कायदा करून पेटंट ऑफिसला सांगितलं की स्त्रिया, अल्पसंख्य वगैरेंना किती पेटंटं मिळतात ते सांगा. २०१९ च्या अहवालात ऑफिसचं उत्तर, आम्ही वंशाची माहिती गोळा करत नाही, त्यामुळे उपलब्ध आकडे तोकडे आहेत. ११९ वर्षांनी तोच अडसर.

बेकरच्या यादीवर पुढे लिसा कुक यांनी काम केलं, स्पेलमनच्या विद्यार्थिनी, २०२२ मधे फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, गव्हर्नर मंडळावर गेल्या. १८७० ते १९४० मधली पेटंटं आणि त्याच काळातले लिंचिंग, दंगली, भेदभावाचे कायदे जुळवून त्यांनी दाखवलं की हिंसा वाढली की कृष्णवर्णीयांची पेटंटं घटतात. पेटंट फक्त हुशारीवर मिळत नाही, उद्या आपलं दुकान जागेवर असेल अशी खात्री लागते. हा पेपर इंजिनिअरिंगच्या मुलांना वाचता येईल, गणित फार नाहीये.

ढोलकी

मधेच घुसतो, मी संगीतवाला. सगळे पेटंट पेटंट करताय पण वर्गातल्या निम्म्या मुलांचा रोजचा संबंध कॉपीराइटशी येतो ना. एचबीसीयूचे मार्चिंग बँड ऐकलेत का कोणी? सदर्नचा, जॅक्सन स्टेटचा, फ्लोरिडा ए अँड एमचा. मी एकदा एक बॅटल, म्हणजे दोन बँडांची चढाओढ, प्रत्यक्ष ऐकलीय, छाती हादरते. रेडिओवरचं गाणं आठवड्यात ब्रासवर बसवतात. आता सांगा, ती अरेंजमेंट कोणाची? मूळ गाण्याच्या प्रकाशकाची परवानगी नसेल तर अरेंजरच्या हातात फारसं काही नाही. मैदानात वाजवायचं लायसन्स वेगळं, त्याचा व्हिडिओ टाकायचा तर वेगळं. ज्या पोराने रात्र जागून ट्रॉम्बोनचे भाग लिहिले त्याने कॉलेजसाठी लिहिले की स्वतःसाठी?

आणि ३५ वर्षांचा नियम जरूर सांगा. १९७८ नंतर कलाकाराने स्वतः हक्क लिहून दिले असतील तर ३५ वर्षांनी नोटीस देऊन ते परत मागता येतात, करारात काहीही लिहिलेलं असो. फक्त नोकरीत केलेलं काम असेल तर नाही, म्हणून तर कंपन्या सगळ्यालाच नोकरीतलं काम म्हणायला बघतात. ब्लूजवाल्या म्हाताऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी एकरकमी चार पैसे घेऊन गाणी देऊन टाकली, हा विषय त्यांच्या नातवंडांना नाही शिकवायचा तर कोणाला.

पेणची_पोर

गोधड्यांचं पण घाला ना! अलाबामात गीज बेंड म्हणून नदीच्या वळणावरचं छोटं गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या (वाकळच म्हणा, जुन्या कामाच्या कपड्यांच्या) मोठमोठ्या म्युझियमांमधे लागल्या, टपाल तिकिटं निघाली. २००७ मधे त्यातल्या काही बायका कोर्टात गेल्या, की आमच्या नक्षीवर माल विकला गेला आणि आम्हाला आमचा वाटा मिळाला नाही. पुढे तडजोड झाली. कोल्हापुरी चपलेला आपल्याकडे जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून, पण अमेरिकेत असा हस्तकलेचा वेगळा कायदा नाही, सर्टिफिकेशन मार्क वगैरेने काम भागवतात. आजीकडून आलेली नक्षी कोणाच्या नावावर करायची?

पुणेरी_एजंट

@पेणची_पोर, त्यावरून हळद आठवली. १९९५ मधे हळदीने जखम भरते याचं अमेरिकन पेटंट दिलं गेलं ते कोणाला, तर युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपी मेडिकल सेंटरला, जॅक्सन शहरात. आपल्या माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७ मधे पेटंट रद्द. त्याच जॅक्सनमधे ढोलकी म्हणतात ती जॅक्सन स्टेट आहे. नेडच्या स्क्रेपरपासून हळदीपर्यंत सगळं एका मिसिसिपीत, नदीकाठच्यांनी नकाशाच लावावा वर्गात.

खवचट_खान्देशी

हे सगळं ठीक. पण एकच वकिली प्रश्न. हे ऐकून पोरगं घाबरेल नाहीतर चिडेल. त्याने मग करायचं काय? कार्व्हरने तर टस्कीगीत आयुष्य काढलं, शेंगदाणा-रताळ्याचे शेकडो उपयोग सांगितले आणि पेटंट घेतली फक्त तीन, ती पण रंग आणि सौंदर्यप्रसाधनांची. बाकी सगळं शेतकऱ्यांना फुकट. तो मूर्ख होता का?

नदीकाठचा

नाही, आणि म्हणूनच कार्व्हर शेजारी लॉनी जॉन्सन ठेवणार आहे. दोघेही टस्कीगीचे. जॉन्सन १९७० च्या दशकात तिथून मेकॅनिकल आणि मग न्यूक्लिअर करून बाहेर पडले, एअर फोर्स, नासाची जेपीएल. घरी बाथरूममधे फ्रिऑनऐवजी पाणी वापरणाऱ्या हीट पंपाचा प्रयोग करताना नोझलमधून जोरात धार उडाली, त्यातून ती प्रसिद्ध पाण्याची बंदूक, सुपर सोकर. पेटंट १९८६ चं. महत्त्वाचं पुढचं आहे, त्यांनी कागद जपले, रॉयल्टीचा करार नीट केला, आणि कमी पैसे मिळाले असं वाटल्यावर लवादात गेले. २०१३ मधे खेळण्यांची कंपनी हॅस्ब्रोकडून ७ कोटी २९ लाख डॉलर मिळाले. ते पैसे पुन्हा बॅटरीच्या संशोधनात.

कार्व्हरने फुकट दिलं कारण त्याला द्यायचं होतं. नेडकडून गेलं कारण त्याला विचारलंच नाही. हा फरक मुलांनी स्वतः काढावा असं वाटतंय, मी बोलणार नाही. आणि थॉमस जेनिंग्ज विसरून चालणार नाही, न्यूयॉर्कचा शिंपी, स्वतंत्र जन्मलेला, १८२१ मधे कपडे कोरडे धुण्याच्या पद्धतीचं पेटंट, कृष्णवर्णीयाला मिळालेलं पहिलं माहीत असलेलं. मूळ कागद १८३६ च्या पेटंट ऑफिसच्या आगीत गेला.

ट्रायँगलकर

@खवचट, काय करायचं ते मी सांगतो, कारण शेजारच्या एका मुलीचं बघितलंय. पेटंट एजंट व्हायला अमेरिकेत लॉ डिग्री लागत नाही. सायन्स किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पेटंट ऑफिसची परीक्षा. २०२४ पासून फक्त डिझाइन पेटंटसाठी वेगळा दरवाजाही उघडलाय, आर्किटेक्चर-ग्राफिक डिझाइनवाल्यांना. गोऱ्या आणि आशियाई लोकांनी भरलेलं क्षेत्र आहे हे, आपण इथेच किती जण आहोत बघा. पण ही वाट असते असं विशीत कानावर पडायला हवं ना.

शिवाय डरहॅमला नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलचं लॉ स्कूल आहे, तिथे आणि हॉवर्डला विद्यार्थी-वकिलांची क्लिनिक आहेत, लोकांचे अर्ज फुकटात करून देतात. एचबीसीयू लॉ स्कूलं मोजून सहा, त्यांना तुझ्या इंजिनिअरिंगच्या मुलांशी जोडून दे. एकाला अशील मिळेल, दुसऱ्याला वकील.

पेटंटवाली_ताई

हॉवर्डमधे लतीफ एम्टिमा यांची संस्था पण बघ, आयपी आणि सामाजिक न्याय हाच त्यांचा विषय, वीसेक वर्षं चाललंय. तयार साहित्य मिळू शकेल.

आणि एक तातडीचं. तुमचे सीनियर डिझाइनचे (शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे) डेमो बहुतेक एप्रिलमधे असतात. पोस्टर लागलं, पाहुणे आले, कोणी व्हिडिओ टाकला की झालं ते जाहीर. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्ष मिळतं, युरोपात तेवढंही नाही, भारतात काही ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभा सोडल्या तर नाहीच. आणि २०१३ पासून अमेरिकेतही आधी अर्ज करेल त्याचा नंबर आधी. प्रोव्हिजनल (तात्पुरता, आधी नंबर लावणारा) अर्ज स्वस्त पडतो, मायक्रो एन्टिटीत (कमी उत्पन्नाच्या छोट्या अर्जदारांत) बसलात तर फीमधे ८० टक्के सूट. सगळ्यांनी फाइल करावं असं नाही, पुणेरी म्हणतात ते बरोबर. पण करायचं की नाही हे डेमोच्या आधी ठरवा.

नदीकाठचा

हे आमच्याकडे कोणाच्याच डोक्यात नव्हतं, डेमो डे १७ एप्रिलला आहे आणि आयोजक लाइव्ह स्ट्रीम करणार आहेत. उद्या त्या टेक ट्रान्सफरवाल्या बाईंना गाठतो.

पहिल्या दिवशीचा होमवर्क पण ठरवला, प्रत्येकाने आमच्या विद्यापीठाची आयपी पॉलिसी वाचून दोन ओळीत लिहायचं, सीनियर डिझाइनमधे मी जे बनवतोय ते कोणाचं? मी स्वतः काल रात्री वाचली. पगारी काम किंवा ग्रँट नसेल तर विद्यार्थ्याचं असं म्हणते, आणि पुढच्याच कलमात 'विद्यापीठाच्या साधनांचा लक्षणीय वापर' झाला तर विद्यापीठाचं. लक्षणीय म्हणजे किती, लिहिलेलं नाही. आमचं थ्रीडी प्रिंटर रात्री दोनपर्यंत चालू असतं.

पेटंटवाली_ताई

लेखी विचार. ईमेलवर. आणि उत्तर आलं की ते पण होमवर्कला जोड.

खवचट_खान्देशी

स्ट्रीम रेकॉर्ड झाला तर लिंक टाका इथे. अर्ज केल्यानंतरची 😄